सगळ्या रेषा जिथे जातात

प्रिय मंदार,

सतराव्या शतकातला इटालियन चित्रकार आंद्रेआ पोत्सो याच्या पर्स्पेक्टिव्हवरच्या ग्रंथातली मुद्राचित्रं तुला दाखवली तेव्हा तू विचारलंस, "खांब, कमानी, सज्जे सगळं आहे, पण यात देव कुठे आहे?" ते मनातून जाईना. काल जेवणं आटोपल्यावर ट्रेसिंग पेपर, पट्टी घेऊन बसलेच.

रोमच्या सांत इग्नात्सियो चर्चच्या छताचं चित्र घेतलं. पोत्सो जेझुइट, म्हणजे संत इग्नेशियसने स्थापलेल्या ख्रिस्ती संघाचा होता, पण पाद्री नव्हे, साधा ब्रदर. छतावर रंगवलेली वास्तू त्याने १६९३ च्या ग्रंथात छापली ती संत-देवदूत गाळून, नुसती वास्तू. मी एकेका खांबाची कड धरून रेघ पुढे ओढत गेले. चार, सात, बारा... सगळ्या एकाच ठिपक्यात येऊन मिळाल्या, आणि तिथे कागद कोरा! अंगावर काटा आला रे. कारण छतावर नेमका तिथे ख्रिस्त आहे. त्याच्यापासून निघालेला किरण संत इग्नेशियसवर पडतो आणि तिथून तेव्हा मानल्या जाणाऱ्या चारही खंडांच्या स्त्रीरूपांकडे फाकतो. आपली आशिया उंटावर बसलीय. एक किरण येशूचं नाव कोरलेल्या ढालीवर जातो. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भिंतीवर आपण मान वर करून वाचलेली आयएचएस ही अक्षरं त्याच नावाची.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच पोत्सो शिकणाऱ्याला सांगतो की आपल्या कामातल्या सगळ्या रेषा त्या खऱ्या बिंदूकडे, ईश्वराच्या गौरवाकडे न्या. ज्याला आपण ड्रॉइंगच्या वर्गात व्हॅनिशिंग पॉइंट म्हणून घोकलं, तो त्याच्यासाठी प्रार्थनेची जागा होता.

मला सर्वांत भावलं ते जाळीचं चित्र. छत कमानदार, मग सपाट कागदावरची वास्तू त्यावर चढवायची कशी? छताखाली दोऱ्यांची आडवी जाळी ताणायची. पाहणाऱ्याचा डोळा जिथे असेल तिथून एक दोरा जाळीच्या एकेका गाठीजवळून थेट छतापर्यंत न्यायचा आणि टेकेल तिथे खूण करायची. केवढा धीर लागला असेल! एवढं करूनही चित्र खरं दिसतं ते एकाच जागेवरून. बाजूला सरकलं की खांब कलंडतात. लोकांनी याला दोष म्हटलं, पण त्याने तो एक बिंदू सोडला नाही. मला तर त्यात त्याची श्रद्धाच दिसते.

ती जागा फरशीवर गोल दगडाने दाखवलेली आहे. तू मार्चमध्ये रोमला जातोयस ना? आधी त्या दगडावर उभा राहा, मग चार पावलं बाजूला हो, आणि खांब कुठल्या बाजूला कलले ते मला लगेच कळव.

तुझी,
वसुधा