मिहूचा बॅकस्ट्रोक

ती. आई-बाबा,
सा. न.

मिहू बॅकस्ट्रोक करणार म्हटल्यावर बाबांनी पहिलं विचारलं, "उताणी पोहताना डोकं भिंतीवर नाही का आपटणार?" अगदी मुद्द्याचं विचारलंत.

भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्याच्या वर १.८ मीटर उंचीवर झेंड्यांची दोरी असते. ती डोळ्यांवरून गेली की हात (म्हणजे हाताचे फटके) मोजायला लागायचं. किती हातांत भिंत येते, हा आकडा ज्याचा त्याचा. तो शर्यतीच्या वेगातच काढायचा. रमतगमत पोहून काढलेला कामाचा नाही. शिवाय दमलं की हाताचा पल्ला कमी होतो, त्यामुळे २०० मीटरच्या शेवटी एखादा हात वाढतो. वळताना भिंतीच्या थोडं आधी पालथं व्हायचं, एक ओढ आणि लगेच कोलांटी. पालथं होऊन नुसतं सरकत राहिलं तर बाद. शर्यत संपवताना मात्र उताणंच हात लावायचा. तुमच्या तलावावर झेंडे नसतील तर आधी दोरी बांधून घ्यायला सांगा. पोहण्याचा महागडा सूट सध्या राहू दे.

वळताना चुकणं हे फक्त नवख्यांचं नाही हं. ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककीओनने २०२३ मध्ये फुकुओकाला बॅकस्ट्रोकची तिन्ही जागतिक सुवर्णपदकं घेतली, पण त्याच स्पर्धेत २०० मीटर मिडलेच्या (एकाच शर्यतीत चारही प्रकार) उपांत्य फेरीत बाद झाली. बॅकस्ट्रोक संपवून ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना हात टेकायच्या आधीच अंग जास्त फिरलं होतं.

आई, तू विचारलंस की यात पुढे काय. अमेरिकेच्या रीगन स्मिथचं बघ. २०१९ मध्ये, १७ व्या वर्षी २०० मीटरचा विश्वविक्रम. २०२१ च्या अमेरिकी निवड चाचणीत तिसरी आली आणि त्या प्रकारात टोकियो ऑलिंपिक हुकलं, कारण एका देशातून दोघीच जातात. जून २०२४ मध्ये १०० मीटरचा विश्वविक्रम, ५७.१३ सेकंद, महिनाभराने पॅरिस ऑलिंपिकला मॅककीओन ५७.३३ मध्ये पहिली, रीगन दुसरी. विक्रम केला म्हणजे सुवर्णपदक मिळालंच असं नाही. आपल्या श्रीहरी नटराजने २०२१ मध्ये रोमला १०० मीटर ५३.७७ मध्ये पोहून ऑलिंपिक गाठलं. पात्रता वेळ होती ५३.८५. एवढ्याशा फरकावर सगळं, म्हणून तर झेंड्यांपासून हात मोजायचे.

आता खांद्यांचं. हात पाण्यात करंगळीकडून, खांद्याच्या रेषेत जायला हवा. तो डोक्यामागे आत वळला की पोरगी सापासारखी वळवळत जाते आणि खांद्यात चिमटा बसतो. डोकं स्थिर आहे का बघायला कपाळावर अर्धी भरलेली छोटी बाटली ठेवून सावकाश पोहायला लावतात, तेही करून घ्या.

बाबा, पुढचा व्हिडिओ बाजूने काढू नका. ती ज्या भिंतीकडे येतेय तिथे, तिच्याच लेनच्या टोकाला उभं राहून काढा; हात आत वळतोय का ते तिथूनच दिसतं. रविवारी पाठवा.

तुमची,
मुग्धा