पाइन की गवत?

ब्रिजवॉटर, न्यू जर्सी
१० फेब्रुवारी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे हिल्सबरोला जाऊन तुमच्या नव्या घराचं मागचं अंगण नीट बघून आलो. फोनवर हे सगळं सांगून झालं नसतं, शिवाय मेधावहिनींनीही निवांत वाचावं असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाग आखून देणाऱ्या लँडस्केपरचा प्रस्ताव वाचला. मागच्या कुंपणालगत सहा-सहा फुटांवर आठ व्हाइट पाइन. वहिनींना मात्र फोटोत पाहिलेलं उंच, तुरे येणारं गवत हवंय. मागच्या घराचा डेक, म्हणजे तो लाकडी ओटा, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसू नये, एवढंच दोघांचंही म्हणणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. आठ पाइन अजिबात लावू नकोस. एकच लाव, वायव्येच्या कोपऱ्यात, आणि बाकी कुंपणाला स्विचग्रास हे इथलं उंच गवत.

पाइनवर माझा राग आहे असं समजू नकोस. उलट या झाडाची मला फार ओढ आहे. पाच-पाच सुयांची जुडी, लांब, मऊ, हात फिरवला तरी न टोचणारी. वारा आला की त्यातून जो आवाज निघतो तो दुसऱ्या कुठल्या झाडाला नाही. हे याच मुलखातलं झाड. इंग्रजांच्या आरमाराला डोलकाठ्या लागायच्या, म्हणून १६९१ च्या मॅसेच्युसेट्सच्या सनदेत दोन फुटांहून जाड बुंध्याची झाडं राजाची म्हणून राखून ठेवली होती. पुढे त्याच भांडणातून १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये लोकांनी राजाच्या माणसांना चोप दिला. ज्या झाडाची अख्खी डोलकाठी व्हायची, ते सहा फुटांच्या अंतरात कसं मावणार? बागेतसुद्धा व्हाइट पाइन पन्नास ते ऐंशी फूट उंच होतो आणि वीस ते चाळीस फूट पसरतो. जोमात असताना वर्षाला दोन-दोन फूट वाढतो, म्हणून पहिली काही वर्षं भिंत उभी राहिल्यासारखी वाटेल. मग झाडं एकमेकांत घुसतील, खालच्या फांद्यांना ऊन मिळेनासं होईल आणि त्या वाळून गळतील. म्हणजे हिरवा भाग जाईल वर, आणि नेमका खिडकीच्या उंचीवर उरतील नुसते बुंधे. डेक पुन्हा समोर! शिवाय तोवर झाडं इतकी मोठी झालेली असतील की काढायचा खर्च लावण्याच्या कितीतरी पट.

दुसरं कारण जमिनीचं. तुमच्याकडची माती तांबड्या शेल खडकाची, चिकण. कुंपणाच्या मधल्या भागात पाणी साचून त्याचा बर्फ झालेला मला दिसला, चांगला लांबरुंद पट्टा. हे पाणी लवकर जिरत नाही हे उघड आहे, आणि व्हाइट पाइनच्या मुळांना सगळ्यात वाईट काय, तर उभं पाणी. वायव्येचा कोपरा मात्र चढावर आहे आणि कोरडा होता. गंमत म्हणजे खिडकीत उभं राहून पाहिलं तर डेक बरोबर त्याच दिशेला येतो. तिथे कुंपणापासून पंधरा-वीस फूट आत सोडून एक पाइन लावला, तर डेक झाकायला तेवढा पुरे. एकट्या झाडाला चारी बाजूंनी ऊन मिळतं, त्यामुळे त्याच्या खालच्या फांद्या खूप वर्षं टिकतात. घरापासूनही तो कोपरा लांब आहे. इथे मार्चमध्ये ओला, जड बर्फ पडतो आणि या झाडाच्या फांद्या त्या वजनाने मोडतात, हे डॅलसमध्ये तुला अनुभवायला मिळालेलं नाही.

आता वहिनींचं गवत. फोटोतलं बहुतेक मिस्कॅन्थस असावं, दुकानात सगळीकडे हेच मिळतं. जपान-चीन-कोरियाकडचं. दिसायला सुरेख, पण त्याचं बी वाऱ्याने उडतं आणि पूर्वेकडच्या राज्यांत रस्त्याकडेला, मोकळ्या रानात ते माजलंय. पात्यांच्या कडाही धारदार, हात कापतात. त्याऐवजी इथलंच स्विचग्रास घ्या, त्यातही 'नॉर्थविंड' नावाचा वाण. तो पाच-सहा फूट ताठ उभा राहतो, पावसाने लोळत नाही. २०१४ मध्ये त्याला वर्षाची सर्वोत्तम बहुवर्षायू वनस्पती म्हणून निवडलं होतं. स्विचग्रासची मुळं आठ-दहा फूट खोल जातात. आपल्याकडे माती धरून ठेवायला बांधावर वाळा लावतात ना, त्याच तोडीचं काम. चिकण मातीत तगतं, साचलेलं पाणी सोसतं, म्हणजे तो बर्फाळलेला पट्टा त्याच्यासाठीच आहे. आणि हरणं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. न्यू जर्सीत हा मुद्दा किरकोळ नाही, तुला पहिल्याच हिवाळ्यात कळेल.

वहिनींनी एक गोष्ट मात्र मनाशी पक्की धरायला हवी. गवत बारा महिने आडोसा देत नाही. मार्चमध्ये ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापावंच लागतं. बेटाला मधोमध दोरीने घट्ट आवळायचं आणि दोरीच्या खाली झुडपं छाटायचा हेज ट्रिमर चालवायचा, म्हणजे अख्खी पेंढी एकदम हातात येते, काड्या अंगणभर उडत नाहीत. खाली राहतात पिवळट, पोकळ, टणक खुंट. थेट मे उजाडेपर्यंत तिथे बघण्यासारखं काही नसतं, कारण हे उन्हाळी गवत, माती तापल्याशिवाय फुटत नाही. जूनअखेरीस कमरेपर्यंत, ऑगस्टमध्ये डोक्याइतकं आणि मग वर बारीक तुऱ्यांचा धुरकट थर. ऑक्टोबरात सगळं सोनेरी होतं.

आणि हिवाळा! 'हिवाळ्यात हिरवं काहीतरी हवं' असं तू म्हणालास, ते मला कळतं. पण वाळलेलं गवतही हिवाळ्यात बघण्यासारखं असतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. सकाळी पात्यांवर हिम धरतं, खाली कलत्या उन्हात ती पाती उजळतात, लहान पक्षी बी टिपायला येतात. खात्री नसेल तर मॅनहॅटनमधल्या हाय लाइनवर जाऊन या. जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर २००९ मध्ये ती बाग खुली झाली, लागवड पीट आउडॉल्फ या डच बागरचनाकाराने आखलेली. तिथे वाळलेलं गवत मुद्दाम हिवाळाभर उभं ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कापतात. वहिनींनी ते कापण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहावं, म्हणजे घरी काय होणार ते आधीच दिसेल.

पाइन लावताना काही गोष्टी सांभाळ. खणण्याआधी ८११ ला फोन कर, ते फुकटात गॅस-विजेच्या लाइनी आखून देतात. मुळांच्या गोळ्याभोवतीची तारेची जाळी आणि गोणपाट कापून काढायला लाव, मजूर घाईत तसंच पुरतात. बुंधा जिथे रुंद होऊन मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. पहिली काही वर्षं भोवती जाळी हवी, कारण हरणं हिवाळ्यात शेंडे खातात आणि नर शिंगं घासून साल सोलतात. ऑक्टोबरात आतल्या सुया पिवळ्या पडून गळतील, तेव्हा घाबरू नकोस, जुन्या सुया दरवर्षी अशाच जातात. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यात वरचा शेंडा मान टाकून वाळायला लागला, तर ते किडीचं काम असतं, तेवढा शेंडा लगेच कापून जाळायचा.

चिन्मयीलाही या झाडात काम आहे. व्हाइट पाइन दरवर्षी बुंध्याभोवती फांद्यांचं एकच कडं काढतो. ती कडी खालून वर मोजली की झाडाचं वय साधारण कळतं. नर्सरीत झाड निवडताना तिलाच मोजू दे, आणि जे लहान, सात-आठ कड्यांचं असेल तेच घ्या. मोठं झाड मुळं तुटल्यामुळे बरीच वर्षं रडत बसतं, लहान लवकर रुजतं.

लँडस्केपरला आत्ताच आठ झाडांची ऑर्डर रद्द करायला सांग, मार्च लागला की ते आगाऊ रक्कम परत करायला खळखळ करतात. नॉर्थविंडवर पैसे घालवू नका. माझ्याकडची बेटं आता मधून विरळ व्हायला लागलीत, एप्रिलअखेरीस कोंब दिसू लागले की ती फोडायचीच आहेत. कुंपणाच्या त्या पट्ट्याला पुरतील एवढे तुकडे सहज निघतील. तुमचं सामान लागलं की कळव, कुदळ आणि करवत घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक