पाचव्या मजल्यावरच्या काकांना, पहिल्या दिवसाच्या उजेडाबद्दल

आदरणीय काका,

शालोम. हे जिन्यात भेटल्यावरही बोलता आलं असतं. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा घसा दाटला आणि "पाणी आलं का हो आज?" एवढंच विचारून खाली आले. म्हणून लिहितेय.

संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालू होता. 'प्रकाश होवो' हे पहिल्या दिवशी आणि आकाशातल्या ज्योती चौथ्या दिवशी. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने हात वर करून विचारलं, मग पहिले तीन दिवस उजेड कशाचा होता? उत्तर मिळालं, "वचनावर शंका घेणारी मुलं पुढे कुठे जातात, माहीत आहे ना?" वर्ग हसला. त्यानंतर सलग चार रविवार तिचं पोट दुखत होतं.

नात्यातल्या एका जाणत्या माणसाला विचारलं, तर त्यांनी महास्फोटाचा व्हिडिओ पाठवला: बघ, विज्ञानाने बायबल सिद्ध केलं! १९५१ साली बाराव्या पायस पोपनीही भाषणात असाच धागा जोडला होता. आणि ज्यांनी विश्वाच्या त्या आरंभाची कल्पना मांडली, ते बेल्जियमचे लमेत्र, स्वतः धर्मगुरू असूनही, त्यावर नाराज झाले होते. ते राहू दे. पोरीने व्हिडिओ अर्ध्यात बंद केला. तिला सिद्ध काहीच करायचं नव्हतं.

मग तुम्ही. शुक्रवारची दुपार होती, काकू संध्याकाळच्या शब्बाथच्या, म्हणजे तुम्हा ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीत होत्या. मी वाटी परत द्यायला आले होते, लेक मागे लपलेली. तिने कसाबसा प्रश्न विचारला. तुम्ही हसला नाहीत. "थांब, पुस्तक आणतो," म्हणालात आणि उठलात. तुमचा गुडघा मला ठाऊक आहे. लिफ्ट बंद असली की तुम्ही दोन दोन दिवस खाली उतरत नाही. खुर्चीचे हात धरून, एकदा परत टेकून, पुन्हा जोर लावून तुम्ही उभे राहिलात आणि भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेलात. काका, एका पोरीच्या प्रश्नासाठी मोठं माणूस जागचं उठतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तीही पाहत होती. पुढे तुम्ही जे सांगितलंत, ते नसतं सांगितलं तरी तिचं अर्धं काम तिथेच झालं होतं.

पण सांगितलंत. आधी तिलाच आमच्या घरचं जुनं पवित्र शास्त्र आणायला पिटाळलंत आणि म्हणालात, या अध्यायात 'सूर्य' शब्द शोध. ती ओळीवर बोट फिरवत बसली. मोठी ज्योती सापडली, लहान ज्योती सापडली, सूर्य काही सापडेना! मी हा अध्याय किती वेळा वाचला असेन, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हिब्रूत सूर्याला शेमेश म्हणतात आणि प्राचीन बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) शमाश नावाचा सूर्यदेवच होता. लिहिणाऱ्याने ते नाव मुद्दाम टाळलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. उजेडाला 'ओर', आणि आकाशात टांगलेल्या त्या दोघांना 'माओर', म्हणजे नुसते दिवे. बायबलच्याच निर्गम या पुस्तकात दिव्याच्या तेलाची आज्ञा आहे, तिथेही हाच शब्द. "आणि दिव्याच्या तेलाचं आम्हा शनिवार तेल्यांना कुणी शिकवू नये," असं म्हणून तुम्ही हसलात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून कोकणातल्या तुम्हा बेने इस्राएल ज्यूंना पडलेलं हे नाव. मग अलिबागकडचा आजोबांचा घाणा आणि शनिवारी सोडून ठेवलेला बैल, हेही निघालं.

तालमुदातली, म्हणजे तुमच्या ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातली, गोष्ट तिला सगळ्यात आवडली. पहिल्या दिवसाच्या उजेडात जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचं, म्हणून देवाने तो पुढे येणाऱ्या नीतिमानांसाठी लपवून ठेवला. "कुठे लपवला?" तिने लगेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते मला नाही सापडलं. तू बघ." वल्हांडणाच्या सणाच्या (पासोव्हरच्या) रात्री तुमच्याकडे सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मगच गोष्ट पुढे जाते, हेही तेव्हाच कळलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू आपण चुकीच्या घरात जन्मलो!

तसं नाही हं. नंतर मी शोधलं. आमच्याच ख्रिस्ती परंपरेत, तिसऱ्या शतकात, ओरिजेन नावाच्या धर्मपंडिताने नेमकं हेच विचारलंय: सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा? त्यालाही कोणी पोटदुखी लावली असती, तर पुढचं लिहिलं कोणी असतं? आणि आमच्या पंडिता रमाबाई मूळ हिब्रू शिकून केडगावात शास्त्राचं भाषांतर करत बसल्या, त्या काय शंका नसलेल्या बाई होत्या? वर्गात हे कोणी सांगत नाही. भीती घालायला तयारी लागत नाही, उत्तर द्यायला कपाटापर्यंत जावं लागतं.

चांगुलपणा म्हटलं की लोक वर्गण्या आणि देणग्या मोजतात. मला आता दुखऱ्या गुडघ्यावर उठलेला माणूस आठवतो.

परवा रविवारी ती आपणहून तयार झाली, वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. वर्गात काय झालं ते विचारलं नाही मी. आता दुसरा अध्याय वाचतेय आणि तिच्या वहीत नवा प्रश्न आहे: पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस नंतर, मग दुसऱ्यात माणूस आधी कसा?

शुक्रवारी दुपारी पाठवते तिला. पुस्तक आधीच काढून ठेवा, काका. या वेळी उठायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची