पॅनिक बटण जोडले, पण चाचणी घेतली का?

महोदय,

संकटात दाबताच नातेवाइकांना संदेश जावा, यासाठी असलेले पॅनिक बटण ब्लूटूथवर चालणारे असेल, तर त्यात सिम नसते. संदेश त्याला जोडलेला फोनच पाठवतो. म्हणून फोन साधारण १० मीटरच्या आत हवा, मध्ये भिंती असतील तर आणखी जवळ. फोनमधल्या बटणाच्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशीच द्यावी.

खरा घात होतो बॅटरी बचतीमुळे. स्क्रीन बंद झाली की काही वेळाने फोन अ‍ॅपला झोपवतो, मग बटण दाबूनही काहीच जात नाही. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध काढाच, हे कृपया कुणीही टाळू नये! नंतर नातेवाइकांना आधी कळवून, फोन तासभर न हाताळता बटण दाबून पाहावे. त्यांना संदेश आणि नकाशाची लिंक, दोन्ही मिळायला हवे. बटणाचा सेल बदलल्यावर किंवा फोन अपडेट झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

– एक वाचक