तळच्या पट्टीत कोण बोलते आहे? : एका निवृत्त अभियंत्यास आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाची ग्रंथसूची गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. नऊ हजारांवर नोंदी आता एका फाइलमध्ये आहेत आणि त्यांतले मराठी मराठीसारखेच दिसते. तुमचे आभार मी तोंडी मानले होतेच. पण माझ्यासारखी एकट्याने संगणकाशी झगडणारी ग्रंथपाल मंडळी आणखीही असतील, त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि एक आकड्याच्या डावीकडची कळ एकदम दाबली की खाली टर्मिनलची, म्हणजे संगणकाला टंकित आज्ञा देण्याची, पट्टी उघडते, याखेरीज मला त्या पट्टीविषयी काहीही ठाऊक नव्हते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे आभासी वातावरण (एका प्रकल्पापुरती वेगळी मांडणी) सुरू करायला गेले की तांबड्या अक्षरांत उत्तर येई की या संगणकावर स्क्रिप्ट (आज्ञांच्या फाइली) चालवण्यास मनाई आहे. एका परिचिताने फोनवर सांगितलेली, सगळेच निर्बंध उठवणारी आज्ञा मी टंकित करणार, एवढ्यात तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलेत आणि विचारलेत, "हे वाक्य कोण बोलते आहे?"

मी म्हटले, "संगणक." तुम्ही हसला नाहीत, याबद्दल पहिले आभार. ती पट्टी स्वतः काहीच बोलत नाही, ती फक्त अक्षरे मांडते आणि आपण दाबलेल्या कळा पुढे पोहोचवते, हे तुम्ही 1978 च्या व्हीटी-100 टर्मिनलचे उदाहरण देऊन समजावलेत. 80 स्तंभ आणि 24 ओळींच्या त्या यंत्राचे कामच आजची पट्टी एक्सटर्म-जेएस नावाच्या प्रणालीच्या आधारे करते. तिच्या आत शेल, म्हणजे आज्ञा वाचून पार पाडणारा प्रोग्राम, बसलेला असतो आणि शेलच्या हाताखाली पायथन. मनाईचे वाक्य पॉवरशेल या विंडोजच्या शेलचे होते, म्हणून उपायही पॉवरशेलपाशीच शोधायचा होता. परिचितांची आज्ञा पुसून आपण फक्त माझ्या खात्यापुरते 'रिमोटसाइन्ड' हे धोरण लावले. त्यामुळे संगणकावर स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात आणि इंटरनेटवरून उतरवलेल्यांना विश्वासार्ह स्वाक्षरी लागते. दुसरी वाटही तुम्ही दाखवली होती. सेटिंग्जमध्ये टर्मिनलची मूळ प्रोफाइल बदलून पॉवरशेलऐवजी कमांड प्रॉम्प्ट हा दुसरा शेल ठेवता येतो. ती मी तेव्हा नाकारली. पुढे तिची आठवण झाली.

चारही संध्याकाळी तुम्ही कळफलकाला हात लावला नाहीत. खरे सांगते, पहिल्या दिवशी मला याचा रागच आला होता.

छापील जुन्या याद्यांच्या पानांवरचा मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट बसवले, त्याचा पत्ता विंडोजच्या 'पाथ'मध्ये, म्हणजे आज्ञा जिथे शोधायच्या त्या पत्त्यांच्या यादीत, हाताने घातला, तरी पट्टीत अशी आज्ञाच नाही असे उत्तर येत राहिले. मी टर्मिनल कचरापेटीच्या चिन्हावरून बंद करून चार वेळा नवे उघडले. तुमचा प्रश्न होता की टर्मिनलला या पत्त्यांची शिदोरी कोण बांधून देते. टर्मिनल हे एडिटरचे अपत्य आहे आणि एडिटरने ज्या क्षणी घर सोडले, त्या क्षणीची शिदोरीच त्याच्या गाठी असते, मागाहून घरी शिजलेले त्याला मिळत नाही. एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडला, आणि टेसरॅक्ट सापडले. माझ्या दुसऱ्या खिडकीत एक विसरलेली यादी उघडी होती, तिच्यामुळे आणखी दहा मिनिटे गेली, हे तुम्हांला आठवत असेल.

सर्वांत अवघड होती ती तिसरी संध्याकाळ. माझी लहानशी पायथन स्क्रिप्ट नोंदी पट्टीत नीट दाखवत होती, पण तेच उत्पादन (स्क्रिप्टने दिलेला मजकूर) 'पेक्षा मोठे' या चिन्हाने फाइलकडे वळवले की 'चारमॅप'विषयी तक्रार येऊन काम थांबे. ही तक्रार पायथनची, हे एव्हाना मी स्वतः ओळखले. समोर पडदा असला की पायथन विंडोजशी सर्व लिपी सामावणाऱ्या युनिकोडमध्येच बोलतो. पण उत्पादन दुसरीकडे वळवले की विंडोजच्या प्रादेशिक सांकेतिक पानाचा, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक तक्त्याचा, आधार घेतो आणि माझ्या संगणकावरच्या त्या पानात देवनागरीला जागाच नव्हती. तुम्ही सांगितल्यावरून मी प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये, टर्मिनलच्या पर्यावरण-चलांच्या (प्रोग्रामना सोबत मिळणाऱ्या सूचनांच्या) रकान्यात, पायथनला युनिकोडच्या यूटीएफ-8 या लेखनपद्धतीत लिहायला लावणाऱ्या पायथन-यूटीएफ-8 या चलाची किंमत 1 लिहिली. हे चल संपूर्ण संगणकाला न लावता त्या फोल्डरपुरते ठेवायचे, हा तुमचा आग्रह मला आता पटतो, कारण फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला की ही व्यवस्थाही सोबत जाते.

तक्रार गेली. फाइल उघडली, तर आत सगळा गिचमिडा. या वेळी कोणीच काही बोलले नव्हते, म्हणून माझ्याजवळ विचारायला प्रश्नही नव्हता. तुम्ही प्रश्न बदललात: "मजकूर फाइलपर्यंत कोणाच्या हातातून गेला?" पायथनने शुद्ध यूटीएफ-8 दिले होते, पण विंडोजसोबत येणारी पॉवरशेलची 5.1 ही आवृत्ती ते जसेच्या तसे पुढे सरकवत नाही. ती आलेल्या बाइटांचा आपल्या समजुतीने मजकूर लावते आणि मग तो नव्याने लिहिते. नाकारलेल्या कमांड प्रॉम्प्टची आठवण झाली ती इथे, कारण तो बाइटांना हात न लावता फाइलमध्ये टाकतो. तरीही शेवटी आपण शेलला मधून काढलेच: स्क्रिप्टने फाइल स्वतः उघडायची आणि उघडतानाच यूटीएफ-8 असे स्पष्ट सांगायचे. त्या रात्री मी पहिली शंभर नावे मोठ्याने वाचली आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता.

चौथ्या संध्याकाळी किरकोळ कामे उरकली. मागे सरकून पाहता येणाऱ्या ओळींची मूळची 1000 ही मर्यादा 10000 केली आणि अक्षरे माझ्या चष्म्याला साजतील एवढी मोठी केली.

एक गोष्ट तशीच राहिली आहे. पट्टीत अजूनही कधी कधी जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. पट्टीचा पडदा समान चौकटींचा, आणि आपली अक्षरे चौकटीत मावणारी नव्हेत, असे तुम्ही म्हणाला होता. म्हणून मी पट्टीवर फक्त आकडे आणि चुकांचे निरोप पाहते. नावे तपासायची ती फाइलमध्येच. सूचीची छापील प्रत वाचनकक्षातील खिडकीजवळच्या तुमच्या टेबलावर ठेवली आहे. अनुवादित पुस्तकांच्या नोंदींमध्ये मूळ लेखकाचा रकाना कुठे कुठे रिकामा आहे, तेवढा सवडीने पाहावा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
ग्रंथपाल