खेळणी आली, खेळाला वेळ कुठे?

अंगणवाड्यांना नवे खेळणी-संच देण्याच्या निर्णयाचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. संच हवेतच; पण मुले मिळून काल्पनिक खेळ रंगवतात ते मांडणी आणि वेळ यांच्या जोरावर, खेळण्यांच्या संख्येवर नव्हे. पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २०२२ मध्येच खेळाला शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवले. वेळापत्रकात मात्र खेळाला बरेचदा पंधरा-वीस मिनिटेच येतात. त्यातली निम्मी ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ ठरवण्यात जातात आणि खेळ रंगू लागतो तोच आवराआवर! सलग चाळीस मिनिटे तरी द्यावीत.

मांडणीचे म्हणाल, तर खेळाच्या एका कोपऱ्यात चार-पाचच मुले असावीत. भातुकलीतली कढई, डॉक्टरच्या पेटीतला स्टेथोस्कोप अशा हव्याहव्याशा वस्तू दोन-दोन ठेवाव्यात. तीन वर्षांच्या मुलांना वाटून घेणे अजून जमत नसते, त्यामुळे एकाच वस्तूवरून हमखास झोंबाझोंबी होते. बॅटरीची बाहुली स्वतःच बोलते. मग मुलांनी काय बोलायचे? जुनी ओढणी, रिकामे खोके, लाकडी ठोकळे बरे. खोका आज दुकान होतो, उद्या एसटी.

खेळ अडलाच, तर सेविकेने गिऱ्हाईक होऊन ‘भेंडी कशी दिली?’ एवढे विचारावे आणि बाजूला व्हावे. रंग-आकडे विचारत बसल्यास मुले पांगतात.

मोडतोडीचा हिशेब द्यावा लागेल, या धास्तीनेही संच कपाटात राहतात. वर्षाकाठी काही खेळणी मोडणारच, हे गृहीत धरून बदलीची तरतूद आदेशातच करावी.

– एक बालशिक्षिका, सांगली