तुझ्या पोराला बास देतो, पण दाराचा नाही

पुणे, रविवार दुपार

प्रिय सच्या,

मेसेज वाचला. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून बसलो लिहायला, आता वाच निवांत. अरे पोराला बास शिकायचाय, ती जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार? साधी गिटार नाही, ड्रम नाही, बास? अकराव्या वर्षी? मी उठून किचनमध्ये जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणे म्हणजे एक तरी घराबाहेर जाणार का. सात झालेत रे आता. तू शेवटचा आलास तेव्हा चार होते, आणि त्यातले दोन तेव्हा नुसतेच लाकडाचे तुकडे होते ज्यांना मी बास म्हणायचो.

तर पहिली गोष्ट, दुकानात जाऊ नकोस. तू पाठवलेल्या फोटोतला तो चकचकीत काळा बास 34 इंच स्केलचा आहे. 34 इंच म्हणजे नटपासून (वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खालची घोडी) 864 मिलिमीटर तार, गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनं 1951 साली ठरवलं तेव्हापासून बहुतेक सगळे तेच करतात. त्यात नटपासून पहिला फ्रेटच (मानेवरची धातूची आडवी पट्टी) साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो. तुझ्या पोराचा हात डोळ्यासमोर आण आणि सांग. पंधरा दिवसांत मनगट दुखतं म्हणून बास कपाटावर जाईल आणि मग तू मला म्हणणार, बघ म्हटलं होतं ना टिकणार नाही. त्यापेक्षा माझ्यातला एक देतो. कुठला, तेच सकाळपासून चाललंय, सगळे काढून गादीवर मांडलेत, मला झोपायला जागा नाही.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, तर नाहीच. तो आठवतोय का, कॉलेजातला माझा पहिला लाल बास, ज्याच्या आवाजाला तू मिक्सर म्हणायचास? त्याचे फ्रेट मीच उपटले. जॅको पास्टोरिअस या बासवादकाच्या नादानं, दुसरं काय. त्याचा तो 1962 सालचा जॅझ बास, फ्रेट नसलेला, वर बोटीला लावायचा इपॉक्सीचा कडक लेप चढवलेला, त्याची गोष्ट ऐकून जगात किती जणांनी चांगल्या बासची वाट लावली असेल देव जाणे. पण त्याच्याही आधी, 1961 मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये वाजवणाऱ्या बिल वायमननं एका स्वस्तातल्या बासचे फ्रेट काढले होते, नवे बसवायचे म्हणून, आणि मग तसाच आवाज आवडला म्हणून राहू दिलं. मला हे आधी माहीत असतं तर घरी निदान बापाला सांगायला कारण झालं असतं. तर, फ्रेट काढायचा म्हणजे नुसता ओढायचा नाही, सोल्डरिंग आयर्न त्यावर टेकवून फ्रेट गरम करायचा, मग पकडीचं तोंड घासून सपाट केलेलं असतं ते खाली सरकवायचं आणि हळू हळू उचलायचं. मी पहिले तीन गरम न करताच ओढले. शिसवीचे टवके निघाले, ते अजून दिसतात, पहिल्या तीन खाचांमध्ये फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाचे डाग आहेत. बाकीच्यांत व्हिनिअरच्या (पातळ लाकडाच्या) पट्ट्या नीट बसल्यात. पोराला सूर कळायच्या आधी फ्रेटलेस हातात देणं म्हणजे ज्याला तोल सांभाळता येत नाही त्याला युनिसायकल देणं. नको.

जवारीवाला, म्हणजे तानपुऱ्यासारखी झणझणती घोडी लावलेला, पण नको, तो तर मलाही धड वाजत नाही. पण त्याची गोष्ट सांगतो कारण तू ऐकलेली नाहीस. मागच्या वर्षी मावशीचा तानपुरा दुरुस्तीला घेऊन मिरजेला गेलो होतो. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, गल्लीत गेलास तर अजूनही पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले दिसतात.) तिथे कारागीर घोडी घासत बसला होता. एक हात कानसवर, एक कान तारेवर. चार वेळा कानस फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, परत चार वेळा. घोडीचा माथा सपाट दिसतो पण नसतो, अगदी हलका उतार असतो, तार त्याच्यावर घासत घासत थरथरते, आणि वर सुताचा दोरा सरकवला की एका ठरावीक जागी अचानक आवाज फुलतो. मी तिथेच उभा राहून म्हटलं, हे बासला का नाही? फ्रेटलेस बासवर तो जो म्वाऽ असा आवाज येतो तोही हीच भानगड आहे, तार फिंगरबोर्डला (बोटांखालच्या लाकडी पट्टीला) हलकी घासते. कारागिराला विचारलं तर हसला, म्हणे इतकी जाड तार, आणि वर गुंडाळलेली, ती कानसीसारखी हाडच खाईल. तरी एक रुंद घोडी करून दिली. बरोबर बोलला होता. साध्या तारांनी महिन्यात घोडीवर चर पडले, मग सपाट गुंडाळणीच्या तारा लावल्या, आता बारीक दोन तारा, 'जी' आणि 'डी', खरंच बोलतात, 'ए' तार मूड असेल तर, आणि सगळ्यात जाड 'ई' म्हणजे दार करकरल्यासारखी. इतक्या खालच्या, 41 हर्ट्झच्या सुराची जवारी कुणाला हवी आहे रे? पण रात्री दिवे घालवून 'जी'ची तार छेडली ना, आहाहा.

पिकअपवाला जो आहे, पांढरा, तो चांगला आहे पण त्याचा पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी गुंडाळी) मी गुंडाळलाय आणि तो कधी दगा देईल सांगता येत नाही. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, 42 गेज, तिचे नऊ-दहा हजार वेढे. आईच्या शिलाई मशीनची मोटर काढली आणि वेढे मोजायला कॅल्क्युलेटर. म्हणजे दाराच्या अलार्मला असतो तो छोटा चुंबकाचा स्विच कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या (=) बटणाला सोल्डर करायचा, फिरत्या चाकाला लोहचुंबक चिकटवायचं, एक अधिक एक दाबून ठेवायचं, मग प्रत्येक फेरीला आकडा एकानं वाढतो. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या स्विचचे किती घेतले आठवत नाही पण वडापावपेक्षा स्वस्त होतं. 6212 वर तार तुटली. मी तो आकडा मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्यांदा पूर्ण झाला, मग मेणात बुडवायचा होता, शिट्टी घालू नये म्हणून, तर पातेलं वापरलं घरातलं, आणि त्या पातेल्याचा विषय आपण काढायचा नाही.

आता दाराचा.

तुमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा काका म्हणाले होते, हवं ते ने, बाकी टेम्पोवाला नेणारच आहे. मी माजघराच्या दाराची एक फळी उचलली. सागवान, पावणेदोन इंच जाड, वर तेलाच्या रंगाचे सहा थर. ते खरवडायला दोन रविवार गेले, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली परत हिरवा, तुमच्या घरात कुणाचं तरी हिरव्यावर फार प्रेम होतं. सागाला तेल फार, गोंद धरतच नाही, आधी थिनरनं पुसून लगेच चिकटवावं लागतं हे मला दोनदा सुटल्यावर कळलं. आणि नेकचं (मानेचं) तर काय सांगू, फ्रेटच्या जागा मी आधीच्या फ्रेटपासून पुढचा अशा मोजत गेलो, शाळेच्या पट्टीनं, प्रत्येक वेळी केसभर चूक, बाराव्यापर्यंत पोचता पोचता तीन मिलिमीटर झाले. सगळे फ्रेट नटपासूनच मोजायचे असतात, हे शेजारच्या सुतारानं सांगितलं, ज्यानं आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. तो नेक गेला, दुसरा लावला. वजन साडेपाच किलो. एक तास वाजवला की डावा खांदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सापडत नाही. आणि कडीचं भोक मी बुजवलं नाही, त्यात टोनचं बटण बसवलंय, अगदी माप घेतल्यासारखं बसलं.

मला माहितीय तुला वाटणार की हाच पोराला द्यावा, पणजोबांच्या घराचं दार वगैरे. नाही देणार. मागू पण नकोस. जड आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे मला द्यायचा नाहीये, बस.

तर ठरलं, छोटा देतो. 30 इंचाचा, बीटल्सच्या मॅकार्टनीच्या त्या व्हायोलिनसारख्या हॉफनर बासची लांबी. पहिला फ्रेट त्रेचाळीस मिलिमीटरच्या आतच, आणि तीच तार तेवढ्याच सुरात लावली तरी ताण 22 टक्क्यांनी उतरतो, पोराची बोटं सोलणार नाहीत. बॉडी तुणीच्या लाकडाची, मिरजेहूनच आणलेला तुकडा, सतारीला वापरतात तेच, वजन तीन किलोच्या आत. ई तार जराशी ढिली वाटते, तिला जाड तार लावून ठेवतो. पावसात नेक फुगतो, तारा वर उचलल्यासारख्या वाटल्या तर ट्रस रॉडला (नेकच्या आतली बाक जुळवायची सळई) हात लावू नकोस, मला फोन कर. खरंच लावू नकोस, सच्या, तू सायकलचं काय केलं होतंस मला आठवतंय.

कुरिअर नको. गणपती झाले की मी कोल्हापूरला येतोच आहे, गाडीत मांडीवर घेऊन येईन. तोवर अ‍ॅम्प घेऊ नकोस, माझा जुना आणतो. मोबाईलच्या स्पीकरवर बास ऐकवू नकोस त्याला, त्यात खालचे सूर येतच नाहीत, त्याला वाटेल बास म्हणजे नुसती टकटक. हेडफोन दे.

काका-काकूंना नमस्कार. काकांना सांग, कडीचं भोक अजून तसंच आहे.

तुझा,
अव्या

ता. क. पोराची नखं कापून ठेव. उजव्या हाताचीसुद्धा.